शुक्रवारचा रिपोर्ट

सोमवार, ६ जानेवारी २०२५

नवी नोकरी, नवं शहर, म्हणून नवी वही. गडहिंग्लजला अकरा वर्षं कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवलं, गावातले प्रिंटर दुरुस्त केले. अडतिसाव्या वर्षी कुणी नवीन काम शिकवायला तयार होईल असं वाटलं नव्हतं.

सकाळच्या पहिल्या एसटीनं आलो. स्टँडजवळ मिसळ खाल्ली. कट संपला तरी मागायला संकोच वाटत होता, तर मालकानंच वाडगा भरून पुढं केला. म्हणाला, "घ्या की पावणं, लाजताय कशाला?" मन एकदम हलकं झालं.

राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब आहे. बिघडलेल्या, पुसलेल्या हार्ड डिस्कमधून माहिती परत काढून द्यायची, एवढंच इथलं काम. मालक उदयसिंह पन्नाशीचे. तरुणपणी तालमीत होते, दोन्ही कान कुस्तीत चुरगळलेले. पण त्याच जाड बोटांनी धूळ न शिरणाऱ्या काचेच्या खोलीत डिस्क उघडतात तेव्हा फुलाची पाकळी सोडवल्यासारखं वाटतं. दुसरी शिफा. पंचविशीची असेल, दोन वर्षांपासून इथं आहे, कामाला चपळ आणि बोलायला त्याहून चपळ. तिच्या शेजारचं टेबल मला मिळालं. खिडकीतून भरपूर ऊन येतं.

रंकाळ्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत. संक्रांत झाली की स्नेहल आणि मुक्ता, दोघी मायलेकी येतील. मुक्ता चौथीत आहे. तिच्या शाळेचंही बोलून ठेवलंय. सगळं जमून येतंय.

बुधवार, ८ जानेवारी

आज माझ्या हातून पहिली डिस्क जिवंत झाली. कबनूरच्या एका यंत्रमागवाल्याची. त्याच्या पुतण्यानं नवीन सॉफ्टवेअर घालताना अख्खं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक कप्पाच, उडवलं होतं आणि वीस वर्षांची साड्यांच्या काठांची डिझाइनं त्यात होती. दुपारी पडद्यावर पहिला काठ उमटला आणि तो माणूस खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

उदयसिंहांनी मला समजावून सांगितलं ते लिहून ठेवतो. म्हणाले, "पुसलं म्हंजे गेलं न्हाय. घराची पाटी काढली म्हणून घर जातंय काय? आतली माणसं तितंच असत्यात. आपण फकस्त दार हुडकायचं."

हे काम मला आवडणार.

शुक्रवार, १० जानेवारी

आज एक डॉक्टरीणबाई आल्या. क्रांती त्यांचं नाव, वय पस्तिसेक. वडलांचा शहरात प्रसूतीचा दवाखाना होता. ते २०२१ साली वारले, तेव्हापासून दवाखाना बंद आहे. ह्या पुण्याला होत्या, आता परत आल्यात आणि दवाखाना पुन्हा सुरू करायचाय. जुन्या सोनोग्राफी मशीनची डिस्क त्यांनी बरोबर आणली होती. तिच्यातलं एक पार्टिशन वडलांनी मरणाआधी महिनाभर पुसून टाकलेलं आहे.

त्या सरळ बोलल्या. म्हणाल्या, "माझ्या वडलांनी काय केलं ते मला माहिती आहे. किती जणींचं केलं, ते माहिती नाही. गर्भ मुलीचा असला की घरच्यांना सांगायचे. कितीतरी बायकांना तर बाळात दोष आहे असं खोटंच सांगितलं. मला प्रत्येकीचं नाव पाहिजे. यादी सरकारी अधिकाऱ्यांना देणार, आणि त्याआधी एकेकीला स्वतः फोन करून सांगणार."

शिफा टायपिंग थांबवून ऐकत होती. उदयसिंहांनी काम हसतमुखानं घेतलं नाही, पण घेतलं. माझ्याकडं दिलं, कारण माझा हात सावकाश चालतो म्हणे.

तो दवाखाना मला माहीत आहे. २०१८ साली स्नेहलला तिथं नेलं होतं. आमच्या दुसऱ्या बाळात दोष निघाला, म्हणून ते राहिलं नाही. हे मी क्रांतीबाईंना बोललो नाही. बोलायचं कारणही नव्हतं.

सोमवार, १३ जानेवारी

मूळ डिस्कवर कधी काम करायचं नाही, हा इथला पहिला नियम. आधी तिची हुबेहूब नक्कल काढायची, मूळ डिस्क कपाटात ठेवायची, आणि जी काही चिरफाड करायची ती नकलेवर. नक्कल व्हायला दोन दिवस लागतील. टक्क्यांचा आकडा सरकताना बघत बसलो. उदयसिंहांनी घरून तिळाच्या वड्या आणल्या होत्या. मी घेतली, पण तोंडात तशीच राहिली.

शिफाला विचारलं, हे काम तू करतेस का, मी तुझं करतो. ती म्हणाली, तिला असली चित्रं बघवणार नाहीत. मी हसलो. का हसलो कोण जाणे.

गुरुवार, १६ जानेवारी

काल स्नेहल आणि मुक्ता आल्या. सामानाच्या टेम्पोतच पुढं बसून आल्या. स्नेहल एसटीत बसत नाही. त्या बाळाच्या वेळी, तिसऱ्या महिन्यात, ती एसटीनं गारगोटीला माहेरी गेली होती. रस्ता खराब होता. त्या धक्क्यांनीच बाळाला काहीतरी झालं असं तिनं मनात धरलंय. सहा वर्षांत ती एसटीत चढलेली नाही. भाऊ गाडी घेऊन आला तरच माहेरी जाते.

आज पार्टिशन सापडलं. फाइलींची नावं गेलीत, नुसते क्रमांक येतात, पण चित्रं शाबूत आहेत. काळ्या पडद्यावर करड्या रंगाचा पंखा, सोनोग्राफीत दिसतो तसा, आणि त्यात ते इवलंसं. वर बाईचं नाव, तारीख, आठवडे, मोबाइल नंबर. खाली कोपऱ्यात डॉक्टरांनी एकेक अक्षर टाईप केलंय: कुठं 'सो', कुठं 'शु'. शिफानं विचारलं, ह्याचा अर्थ काय. मी म्हणालो, माहीत नाही.

आज एकशे चाळीस आली. अजून येताहेत.

शुक्रवार, १७ जानेवारी

सकाळी अकराला ते आलं. १२ ऑक्टोबर २०१८. स्नेहलचं नाव. १६ आठवडे. कोपऱ्यात 'शु'.

मी वहीत खोटं लिहिलंय. जी वही दुसरं कुणी वाचणार नाही, तिच्यातसुद्धा. आता खरं लिहितो.

बाळात काही दोष नव्हता. मुलगी होती. माझ्या आईनं ओळख काढून हा दवाखाना शोधला होता. "एक पोरगी हाय की घरात. आता बघूनच घ्या," असं ती म्हणाली आणि मी गाडी ठरवली. तपासून झाल्यावर स्नेहल आत कपडे नीट करत होती. डॉक्टर बाहेर आले आणि आम्हाला म्हणाले, रिपोर्ट शुक्रवारी न्या. सोमवार म्हणजे मुलगा, शुक्रवार म्हणजे मुलगी. तो दिवस शुक्रवारचाच होता. आईनं पदर तोंडाला लावला.

मग आत जाऊन डॉक्टरांनी स्नेहलला सांगितलं, बाळाच्या डोक्यात पाणी झालंय. तिनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांकडं नाही, माझ्याकडं. मी मान हलवली.

सोमवारी ते झालं. कागदावर सही तिची आहे. पेन मी दिलं होतं.

घरी आल्यावर ती म्हणाली, मी गारगोटीला जायला नको होतं. तेव्हाही मी गप्प बसलो. एका वाक्यात तिचं ओझं उतरलं असतं. पण ते उतरवलं असतं तर माझ्यावर आलं असतं. सहा वर्षं ती ते वाहतेय. मी जेवतोय, झोपतोय, मुक्ताचा अभ्यास घेतोय.

शनिवार, १८ जानेवारी

स्नेहलची फाइल काढून टाकली. नकलेतून, आलेल्या चित्रांच्या फोल्डरमधून, यादीच्या तक्त्यातून. हात नेहमीसारखाच सावकाश चालला, याचीच जास्त लाज वाटली.

शिफानं एकूण किती झाली विचारलं. दोनशे बारा होती. मी दोनशे अकरा म्हणालो.

सोमवार, २० जानेवारी

ती परत आली आहे. नकलेवर पुन्हा शोध चालवला तर तिच्याच जागी, त्याच क्रमांकानं. असं होतं कधी कधी, एकच चित्र डिस्कवर दोन ठिकाणी असू शकतं. पण तिच्या शेजारी आणखी एक फाइल आहे.

स्नेहलचंच नाव. १९ ऑक्टोबर २०१८. १७ आठवडे.

१५ तारखेला सगळं झालं होतं. १९ तारखेला स्नेहल गडहिंग्लजला अंथरुणात भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी तिला पेज भरवत होतो. ती कुठंही गेली नव्हती.

पुढची २६ ऑक्टोबर, १८ आठवडे. मग प्रत्येक शुक्रवारी एक. चाळीस आठवड्यांपर्यंत आज बघितल्या. चाळिसाव्यात पूर्ण वाढलेलं बाळ आहे, मूठ गालाला लावलेली. २९ मार्च २०१९. दिवस भरल्याची तारीख. ती तारीख स्नेहलनं तेव्हा कॅलेंडरवर गोल करून ठेवली होती. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर मुद्दाम आधी मागवून.

चाळिसाव्यानंतर एक्केचाळिसावा आठवडा आहे.

बुधवार, २२ जानेवारी

शिफा पाणी प्यायला उठली आणि माझ्या मागं थांबली. म्हणाली, "राजवर्धनभाऊ, हे किती आठवड्यांचं? बावन्न? असं कुठं असतंय?" मग हसली, फाइल खराब झाली असणार म्हणाली. पण जवळ वाकून बघितल्यावर हसायची थांबली. "हे बाळ किती मोठ्ठं हाय ओ," एवढंच म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. दिवसभर तिनं माझ्या पडद्याकडं पाहिलं नाही.

म्हणजे ते मला एकट्यालाच दिसत नाही.

पुढच्या बघितल्या. थांबावंसं वाटत होतं, थांबलो नाही. ती जन्मलेलीच नाही. त्याच करड्या पंख्यात वाढतेय. सत्तराव्या आठवड्यात गुडघे हनुवटीला टेकलेत. शंभराव्यात केस दिसतात, पाण्यात हलल्यासारखे. दोनशेव्यात दात. जागा तेवढीच आहे आणि तीच मोठी होतेय. मान वाकवून, हात पोटाशी घेऊन, जागा करून घेतेय.

मुक्ता लहानपणी झोपायची तशी.

शुक्रवार, २४ जानेवारी

सकाळी पोचलो तेव्हा नकलेत एक नवी फाइल होती. तारीख आजची. ३४४ आठवडे. ही डिस्क २०२१ पासून कुठल्याही मशीनला जोडलेली नाही. कालपर्यंत कुठल्याच शोधात ही नव्हती.

आजच्या फाइलीत ती आपल्याकडं बघते आहे. एवढ्या सगळ्या चित्रांत तिचं तोंड बाजूला होतं. आज समोर आहे. रागात नाही. वाट बघितल्यासारखी.

वर रुग्णाचं नाव स्नेहल नाही. माझं आहे.

सोमवार, २७ जानेवारी

शनिवारपासून पोट जड आहे. पट्टा दोन भोकं मागं गेला. उदयसिंहांनी पोटावर थाप मारली आणि म्हणाले, "काय राव, पांढरा रस्सा लागू झाला की!" थाप बसली तिथं आतून काहीतरी सरकलं. आतड्यांचं नव्हे. कूस बदलल्यासारखं.

दुपारी डॉक्टरकडं गेलो. त्यांनी दाबून बघितलं, कपाळाला आठी घातली आणि सोनोग्राफी लिहून दिली. चिठ्ठी घेऊन त्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत ते टेबल होतं, पांढरी चादर. एक बाई माझ्या आधी झोपलेली होती आणि तिचा नवरा दारात उभा होता. मी जिन्यानं पळत खाली आलो.

क्रांतीबाईंचा फोन आला. गुरुवारी यादी न्यायला येणार आहेत. नंबर असतील ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. फोन करायला शुक्रवारपासूनच सुरुवात करायची म्हणाल्या.

स्नेहलचा नंबर तोच आहे.

बुधवार, २९ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत शिफा आणि उदयसिंह खाली गेले होते. मी कपाटातली मूळ डिस्क काढली. काचेच्या खोलीत न जाता टेबलावरच उघडली. आतली तबकडी आरशासारखी होती, तिच्यात माझं तोंड दिसत होतं. स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि ओढला. एकदा नाही. मोजलं नाही.

मग नक्कल पुसली, चित्रांचा फोल्डर आणि यादीसकट. नुसती पाटी काढली नाही, प्रत्येक जागेवर शून्य लिहिलं. उदयसिंहांनीच शिकवलंय. यातून काही परत येत नाही.

दोनशे अकरा बायका होत्या तिच्यात. एकीपासून लपवायला मी दोनशे अकरा जणींचं —

तेवढ्यात जिन्यात शिफाचा आवाज आला.

गुरुवार, ३० जानेवारी

उदयसिंहांना सांगितलं, मूळ डिस्क हातातून पडली, आणि नक्कलही खराब झाली, यादी तिच्याबरोबर गेली. त्यांनी माझं तोंड बघितलं. विश्वास ठेवला. वीस वर्षांत पहिल्यांदा माल घालवला म्हणाले, पण क्रांतीबाईंना माझं नाव सांगितलं नाही. हात जोडून स्वतःच माफी मागितली. त्या कान चुरगळलेल्या पैलवानानं, माझ्यासाठी.

क्रांतीबाई ओरडल्या नाहीत. खुर्चीत बसून राहिल्या. म्हणाल्या, "वाटलं होतं, एवढं तरी माझ्या हातून होईल." पर्स घेतली आणि निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, तुम्ही फार मेहनत घेतलीत, आभारी आहे.

मला म्हणाल्या.

मी उभा होतो. पोटात ती पाय झाडत होती. एवढी जोरात की टेबलाचा आधार घ्यावा लागला.

शुक्रवार, ३१ जानेवारी

शून्यं लिहिलेली डिस्क दुसऱ्या कामाला घ्यावी म्हणून जोडली. रिकामी असायला पाहिजे.

दोनशे अकरा जणींची एकही फाइल नाही. तिच्या सगळ्या आहेत. १६ पासून ३४५ पर्यंत, ओळीनं.

शेवटच्या चित्रात तिनं हात पुढं केला आहे. तळवा उघडा. पंख्याच्या कडेला टेकलेला. आतून दार ढकलावं तसा.

सोमवार, ३ फेब्रुवारी

कामावर गेलो नाही. सदरा घालूनही पोट लपत नाही आता. स्नेहल भाकरी थापता थापता बघत राहिली. म्हणाली, "अहो, काय होतंय तुमाला? खरं सांगा." गॅस झालाय म्हणालो.

खरं सांगा म्हटल्यावर खोटं बोलणं किती सवयीचं झालंय.

मुक्ता गृहपाठाची वही घेऊन माझ्या मांडीला टेकून बसली होती. एकदम दचकून उठली. बाबा, तुमच्या पोटानं मला ढकललं. मी तिला बाहेर खेळायला जा म्हणालो. ती दारातून माझ्याकडं बघत होती, आणि तिचा चेहरा — त्या चित्रातला आणि तिचा, एकाच —

बुधवार, ५ फेब्रुवारी

दुखतं. कळा नाहीत. ती नुसती हलते. जागा नाही तिला. सहा वर्षांची आहे, कुठं मावणार.

दुपारी स्नेहल मंडईला गेली तेव्हा मी पोटावर हात ठेवून तिच्याशी बोललो. म्हणालो, माझं चुकलं. हलणं थांबलं. मला वाटलं, झालं. मग परत, आणखी वर, बरगड्यांखाली.

तिला म्हणून उपयोग नाही. ज्या माणसाला म्हणायला पाहिजे —

गुरुवार, ६ फेब्रुवारी

क्रांतीबाईंना फोन केला. सांगितलं. डिस्क पडली नव्हती. मी ओरखडली. का, तेही. त्या म्हणाल्या, मला सांगून काही उपयोग नाही, तुमच्या बायकोला आधी सांगा.

उदयसिंहांना फोन लावला. उचलला. मी बोलेपर्यंत ते काय राव, कशी तब्येत, येताय न्हवं सोमवारी असं विचारत राहिले. मला —

उद्या. उद्या स्नेहलला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सकाळचे अकरा. मुक्ता शाळेत. ऊन अंगणात आहे.

सांगितलं. उभ्यानं सांगायला लागलो, मग बसलो. गारगोटीच्या एसटीचं काही नव्हतं. डोक्यात पाणी नव्हतं. चांगली होती. मुलगी होती. मला माहीत होतं, आईला माहीत होतं, एकट्या तुलाच —

ती रडली नाही. गॅस बंद केला. हात धुतले, पदराला पुसले. विचारलं, "मी सहा वर्सं एसटीत बसली न्हाय, ते बघत हुतास न्हवं तू?"

पंधरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तू म्हणाली.

हो म्हणालो.

मग ही वही माझ्यासमोर टाकली. तिला माहीत होती. म्हणाली, "लिही. तुझ्या हातानं केलंस, तुझ्या हातानं लिही. मी वाचणार हाय. त्या डॉक्टरीणबाईला पण देईन. थांबलास तर बघ."

लिहितोय. भिंतीला टेकून. सदरा वर आहे. कातडीखाली तळवा दिसतो. पाच बोटं. स्नेहलला पण दिसतो. ती घाबरली नाही. गुडघ्यावर बसली आहे समोर.

माझ्याकडं बघत नाही. मी इथं नाहीच तिच्या लेखी.

तिनं हात ठेवला. तळव्यावर तळवा. हलणं थांबलं. सगळं थांबलं. मला श्वास —

म्हणते, मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून एक नाव मनात धरलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. आता कान लावला आहे पोटाला. तिचे केस थंड लागताहेत. हळू हाक मारते, झोपलेल्याला उठवावं तशी.

जाई.

परत. जाई, ये बाळा. मी हाय हितं.

आतून आवाज आला. स्नेहलनं ऐकला. तिचा चेहरा — सहा वर्षांत असा कधी — ती हसते आहे — म्हणते लिही, काय म्हणाली ते लिही — ती म्हणाली आ